खाली कोण हाय?

हातातल्या पान्यानं क्रेनच्या खांबावर तीन ठोके, आणि मग प्रश्न. "खाली कोण हाय?"

एकदा विचारून आमच्या आवारातल्या गॅरेजच्या मिस्त्रींचं भागायचं नाही. लगेच हिंदीत, "नीचे कौन है?" मग तेलुगूत, "किंद एवरु?" आणि शेवटी आवाज थोडा खाली आणून कानडीत, "केळग यार अदार?" ट्रॅक्टरचं इंजिन उचलायचं असो नाहीतर नुसता रिकामा हुक वर घ्यायचा असो, चार भाषांत चारदा विचारल्याशिवाय त्यांचा हात जॅकच्या हँडलला लागत नव्हता.

आणि उत्तर यायलाच पाहिजे. तेही पडल्या पडल्या, वाकल्या वाकल्या दिलेलं चालायचं नाही. जिथं असाल तिथून बाहेर यायचं, उभं राहायचं, हात वर करायचा आणि सांगायचं. गॅरेजातली मंडळी म्हणायची, "कोण न्हाय." वेल्डरचाचा म्हणायचे, "कोई नै." लेथवर काम करणारा तेलुगू टर्नर म्हणायचा, "एवरू लेरु." कानडी उत्तर द्यायला आमच्या आवारात दुसरं कोणी नव्हतं. ते मिस्त्री स्वतःच द्यायचे. "यारू इल्ल." स्वतःच विचारायचं, क्षणभर थांबायचं, आणि स्वतःच सांगायचं, कोणी नाही. नवीन गिऱ्हाईक हे बघून तोंडाला रुमाल लावून हसायचं. मीही पहिल्यांदा हसले होते, खोटं कशाला बोलू.

माझं दुकान त्याच आवारात, गॅरेजच्या समोर. मोटर रिवाइंडिंगचं. मी काही शिकलेली बाई नाही. सातवीनंतर शाळा सुटली, आणि हे वायंडिंगचं काम मालक गेल्यानंतर शिकले, म्हणजे आमचे मालक, माझे यजमान. जळालेल्या मोटरी उलगडत गेले, किती वेढे, कुठून कुठं, ते वहीत काढत गेले, आणि तसेच पुन्हा भरत गेले. उजनीच्या काठावरनं पाण्यातल्या मोटरी यायच्या. आणणारा माणूस दारात उभा राहून आत डोकवायचा आणि विचारायचा, "घरात गडीमाणूस कोण हाय का?" पहिलं वर्षभर मी हे इतक्यांदा ऐकलं की माझंच मला वाटायला लागलं, आपण दुकानात नसल्यासारख्याच आहोत.

मिस्त्री पहिल्यांदा आले ते गॅरेजातल्या कॉम्प्रेसरची मोटर खांद्यावर घेऊन. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अक्का, जळालीया. कवा देताव?" बस. गडीमाणसाची चौकशी नाही. मी म्हटलं, परवा. ते म्हणाले, "परवा म्हंजी परवा," आणि गेले. मोटर परवा तयार होती. तेव्हापासून आमचं जमलं.

माणूस दिसायला काही भारी नव्हता. बारीक, काटक, अक्कलकोटाकडच्या मैंदर्गीचा. डोक्याला टॉवेल, खिशात तंबाखूची डबी, आणि दुसऱ्या खिशात एक लोखंडी पिन. त्या पिनेचं पुढं सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं.

ती क्रेन आली तेव्हा खोक्यातून सुटी सुटी आली होती. त्याआधी गॅरेजात छताच्या लोखंडी तुळईला साखळी टाकून इंजिन काढायचे. गॅरेजचे मालक, त्यांना आम्ही सगळे शेठ म्हणतो, त्यांनी हौसेनं ही चाकाची क्रेन मागवली. सोबत एक पुस्तक होतं, सगळं इंग्रजी. मिस्त्री ते घेऊन माझ्या दुकानात आले. "अक्का, तुमी शिकल्याल्या हाव. वाचा."

मी म्हटलं, "मिस्त्री, मला तरी कुठं येतंय इंग्रजी?"

"आकडे येत्यात न्हवं? आकडे वाचा. चित्रं मी बगतो."

मग काय, पोत्यावर सगळे भाग ओळीनं मांडले. दोन लांब पाय, मधला पाट, उभा खांब, त्याला दोन्ही बाजूंनी तिरके आधार, वरचा पुढं जाणारा हात, जॅक, चाकं, साखळी, हुक आणि वाटीभर नटबोल्ट. त्यांनी एकेक उचलून चित्राशेजारी धरायचं आणि मी मान हलवायची. शेठ मागं उभे राहून घाई करत होते. पहिला बोल्ट लागला तसं ते म्हणाले, "आवळा की, मिस्त्री."

"आत्ता न्हाय. आदी सगळे हातानं लावायचे. सगळे जागेवर बसू देत, मग आवळायचं. एकाला आदीच आवळला तर बाकीचे वाकडे बसत्यात."

आणि खरंच, सगळे बोल्ट बोटांनी बसवून, सपाट फरशीवर क्रेन उभी करून, चारी बाजूंनी फिरून बघितल्यावर त्यांनी पाना घेतला. मग जॅकची पाळी. तो वर जाताना झटके देत होता. मिस्त्रींनी वाल सैल केला आणि हँडल आठदहा वेळा रिकामंच मारलं. म्हणाले, "पोटात वारा हाय. लेकरू दूध प्यालं की थोपटतो का न्हाय आपण, तसं." मग वाल बंद केला, आणि दांडा असा गुळगुळीत वर गेला की शेठसुद्धा वाकून बघायला लागले.

त्या वरच्या हाताच्या आत आणखी एक हात असतो, बाहेर ओढून लांब करता येतो. त्याला चार भोकं. ज्या भोकात पिन घालाल तेवढी लांबी, आणि प्रत्येक भोकापाशी वजन लिहिलेलं. जवळच्या भोकावर दोन टन, मग दीड, मग एक, आणि सगळ्यात लांबच्यावर अर्धा. मला हे उलटं वाटलं. एवढा लांब हात, आणि वजन कमी? मिस्त्री म्हणाले, "भरल्याली घागर काखंत घ्या अक्का, आन् मग तीच हात लांब करून धरा. तुमचं तुमाला कळतंय." आता तुम्हीच सांगा, कुठल्या पुस्तकात हे इतकं सोपं लिहिलं असेल?

तीच ती पिन. संध्याकाळी काम संपलं की मिस्त्री जॅक पूर्ण खाली बसवायचे, दांडा फडक्यानं पुसायचे, सांध्यांना ग्रीस द्यायचे, साखळी निसटू न देणारी हुकाची पट्टी मिटते का बघायचे, आणि पिन काढून खिशात घालून घरी न्यायचे. त्यांच्या माघारी क्रेनला कोणी हात लावायचा नाही, हा त्याचा अर्थ. शेठना हे आवडायचं नाही. "क्रेन माझी, पिन माझी, आणि जाते तुमच्या घरी?" मिस्त्री म्हणायचे, "व्हय. कुलूप तुमचं, किल्ली माजी."

उचलण्याचीही त्यांची एक रीत होती. ठोके, प्रश्न, उत्तरं. मग इंजिन फक्त चार बोटं वर. थांबायचं. भिंतीवर त्या उंचीला खडूची रेघ मारायची, आणि तंबाखू मळून होईपर्यंत नुसतं बघत राहायचं. रेघेच्या खाली एक केसभर जरी उतरलं तरी इंजिन परत खाली, आणि आधी जॅकचं काय ते बघायचं. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं. मिस्त्रींची तंबाखू काही लवकर मळून व्हायची नाही.

एकदा दुपारी डबा खाताना मी विचारलं, "मिस्त्री, चार भाषा कशाला? एकदा मोठ्यानं विचारलं तर पुरे की."

त्यांनी भाकरी मोडली. म्हणाले, "माजा धाकटा भाऊ होता, अक्का. मी हितं कामाला लागलो आन् त्यालाबी गावाकडनं आणला. आट दिवस झालं होतं. त्याला कानडीशिवाय काय येत न्हवतं. हातातला नट पडला म्हणून इंजिनाखाली शिरला. उस्तादानं विचारलं, हिंदीत. त्याला काय कळणार. मी नळावर पाणी भरत होतो." मग भाकरीचा तुकडा डब्यात ठेवून, "दवाखान्यात आट दिवस होता. मग गेला."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मी पुन्हा कधी त्या कानडी प्रश्नाला हसले नाही. ते स्वतःच उत्तर का देतात, तेही कधी विचारलं नाही.

आता त्या वर्षीची खंडेनवमी. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाने, हातोड्या, लेथ, वेल्डिंग मशीन, सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू, झेंडूची माळ, लिंबू, नारळ. माझ्याही वायंडिंग मशीनची मी करते. मिस्त्री नवरात्रात गावी घटाला गेले होते. इकडं शेठच्या मनात आलं, यंदा क्रेन नवी करायची. पेंटर आणला. त्यानं जॅक पूर्ण वर चढवला, म्हणजे क्रेन कशी रुबाबदार दिसते, आणि वरपासून खालपर्यंत पिवळाधमक ऑइलपेंट मारला. हाताला मारला, खांबाला मारला, आणि जॅकच्या त्या चकचकीत दांड्यालाही मारला. वजनाचे आकडे रंगाखाली गेले. पूजेच्या दिवशी तर शेठनी हौसेनं दांडा वरखाली करून पाव्हण्यांना दाखवला. सगळे म्हणाले, वा, काय दिसतीय.

मीही म्हणाले. माझ्याही लक्षात आलं नाही, हे कबूल करते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. क्रेनसमोर उभे राहिले. नवरीच्या तोंडाला कोणी डांबर फासावं तसं ते बघत होते. बोटानं दांडा चाचपला. वाळलेला रंग जॅकच्या आत गेला होता आणि तोंडाशी तेलाचा ओघळ आला होता.

"दांड्याला रंग कुणी लावला?"

शेठ म्हणाले, "सगळ्यालाच लावला की. शोभा आली."

"आतलं तेल धरणारं सील फाटलंय. ही शोभा वजन धरत न्हाय."

त्याच दिवशी मंद्रूपच्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर दारात उभा होता. उसाचा हंगाम तोंडावर, इंजिन आजच्या आज उतरवून पाहिजे होतं. शेठनी शब्द दिला होता. मिस्त्रींनी भांडण केलं नाही. त्यांनी ठोके मारले, चार भाषांत विचारलं, उत्तरं घेतली, दुसरं एक जुनं इंजिन चार बोटं उचललं, भिंतीवर रेघ मारली आणि तंबाखू काढली. आम्ही सगळे बघत होतो. तंबाखू मळून झाली तेव्हा इंजिन रेघेच्या दोन बोटं खाली होतं.

"दोन बोटांनी काय होतंय?" शेठ म्हणाले.

"दोन बोटं कुणाची जात्यात त्याच्यावर हाय," मिस्त्री म्हणाले. "सील बदला. आकडे परत घाला. दोन दिवस लागतील. तवर मी उचलणार न्हाय."

"मग घरी जा."

मिस्त्रींनी इंजिन खाली बसवलं. पिन काढली, खिशात घातली, टॉवेल झटकला आणि गॅरेजातनं बाहेर पडले. घरी काही गेले नाहीत. दहा पावलं चालून माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसले, क्रेनकडं तोंड करून.

"अक्का, बसू का?"

"बसा की," मी म्हटलं. "चहा ठेवते."

दुसऱ्या दिवशीही आले. डबा घेऊन, कामाच्या वेळेला, टॉवेल बांधून. बाकड्यावर बसले. गॅरेजात कोणी त्या क्रेनच्या जवळनं नुसतं झाडू मारत गेलं तरी इकडून आवाज जायचा, "खाली कोण हाय?" आणि गंमत बघा, सवयीनं उत्तरं यायची. "कोण न्हाय." "कोई नै." "एवरू लेरु." मग सगळे खो खो हसायचे, मिस्त्री सोडून. शेठ लाल व्हायचे.

संध्याकाळी शेठ माझ्याकडं आले. माझं दुकान त्यांच्याच जागेत, हे सांगायचं राहिलं. म्हणाले, "बाई, यांना उठवा हितनं. तमाशा चाललाय माझ्या दारात."

मी तार गुंडाळत होते. हात थांबवला नाही. म्हटलं, "शेठ, बाकडं माझं आहे. ते माझ्याकडं बसलेत."

"जागा कुणाची आहे, विसरला का?"

इतक्या वर्षांचं दुकान, ती भिंत, ते टेबल. पण मला ती पहिली मोटर आठवली. या आवारात गडीमाणसाची चौकशी न करता मला माणसात धरणारा हा एकच होता. मी म्हटलं, "नाही विसरले. मला उठवायचं असेल तर सांगा, मी माझं मशीन घेऊन बाहेर बसते. बाकडंही बाहेर घेईन. मिस्त्री त्याच्यावर बसतील."

शेठ तसेच माघारी फिरले. मिस्त्री समोर बघत होते. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "अक्का, चहात साखर जास्त झाली आज."

तिसऱ्या दिवशी मंद्रूपचे बागायतदार स्वतःच येऊन बसले. शेठचं डोकं फिरलं. त्यांनी ट्रॉलीची एक पिन आणून क्रेनच्या हातात घातली. बारीक होती, खुळखुळत होती. आकडे रंगाखाली, कोणाला काही दिसत नव्हतं, आणि इंजिन जरा आत होतं म्हणून हात शेवटपर्यंत ओढला. म्हणजे अर्ध्या टनाचं भोक, आणि इंजिन त्याहून जड. साखळी बांधली. इंजिन सुटून वर आलं. शेठचे सख्खे धाकटे भाऊ, गॅरेजात तेही काम करायचे, तळाचा एक पाईप अडकलाय म्हणून इंजिनाखाली डोकं घालून आडवे झाले.

मिस्त्री बाकड्यावरून उठले. हातात पाना नव्हता, म्हणून माझ्या दाराच्या लोखंडी चौकटीवर चहाच्या कपानं तीन ठोके मारले. कप फुटला. आणि ओरडले. मी त्या माणसाला इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "खाली कोण हाय?"

शेठ म्हणाले, "लक्ष देऊ नका."

चाचांनी हातातलं वेल्डिंग खाली ठेवून हात वर केला. "कोई नै." टर्नरनं केला. आणि खाली आडवे झालेले धाकटे भाऊ वैतागून, सवयीनं, सरपटत बाहेर आले, उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "कोण न्हाय, मिस्त्री, कोण न्हाय. झालं समाधान?"

त्यांचा हात वरच होता तेव्हा क्रेनची मागची चाकं फरशीवरून सुटली. आवाज नव्हता आधी. नुसती ती पिवळी क्रेन नमस्काराला वाकावी तशी पुढं वाकली, आणि इंजिन, आत्ता ते जिथं पडले होते, नेमकं तिथं बसलं. मग आवाज झाला. माझ्या टेबलावरच्या तारेची रिळं खाली पडली.

धाकट्या भावाचा हात अजून वरच होता. मिस्त्री मात्र थांबले नव्हते. फुटक्या कपाचा कान हातात धरून, बसक्या आवाजात, त्यांनी उरलेलं पुरं केलं. "केळग यार अदार?" आणि मग, डोळे पुसत, "यारू इल्ल. यारू इल्ल."

शेठ संध्याकाळी माझ्या दुकानात आले. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मी न विचारता चहा दिला. कप खाली ठेवून म्हणाले, "मिस्त्री, उद्या पिन घेऊन या."

"आदी सील," मिस्त्री म्हणाले. "तेलबी जॅकचंच, ब्रेकचं तेल घालून चालवायचं न्हाय. रंग मी घासतो. आन् आकडे मी माज्या हातानं घालणार."

त्यांनी आकडे रंगानं घातले नाहीत. छिन्नी घेऊन, लोखंडात, खोल, मराठीत कोरले. दोन. दीड. एक. अर्धा. म्हणाले, "आता मारा किती रंग मारायचा ते."

त्यानंतर बरीच वर्षं ते होते. क्रेन पडल्याची गोष्ट शेठनी स्वतः कधी काढली नाही, आणि मला दुकानातून उठवायचीही काढली नाही. मागच्या संक्रांतीच्या आधी मिस्त्री रिक्षातून आले, लेकीचा हात धरून. श्वास पुरत नव्हता. बाकड्यावर बसले, खिशातनं पिन काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

मी म्हटलं, "मला कशाला? शेठना द्या."

"शेठला गिऱ्हाईक असतंय, अक्का. 'न्हाय' म्हणायला जड जातंय. तुमाला जमतंय."

संक्रांतीनंतर पंधरा दिवसांत गेले.

पिन माझ्या मशीनवरच्या खिळ्याला असते. क्रेन लागली की धाकटे शेठ, म्हणजे शेठचे तेच धाकटे भाऊ, येतात, आता केस पिकलेत त्यांचे, आणि दारात उभे राहून म्हणतात, "अक्का, पिन." मी दांडा बघून येते. साखळी बघते, हुकाची पट्टी बघते. रेघ मारायला खडू माझ्याच टेबलावरचा. यंदा खंडेनवमीला नवा पेंटर आला होता, हातात पिवळा डबा. मी आधीच माझ्या जुन्या लुगड्याचा काठ जॅकच्या दांड्याला गुंडाळून, सुतळीनं बांधून, स्टूल टाकून शेजारी बसले होते. तो म्हणाला, "आजी, उठा की, रंगवू द्या." मी म्हटलं, "बाकी सगळं रंगव. हे नाही." अर्धा दिवस बसले. माळही वरच्या हाताला बांधायला लावली.

दसरा झाल्यावर पहिलं इंजिन उचलायचं होतं. पिन बसली दीडच्या भोकात. मी पान्यानं खांबावर तीन ठोके मारले आणि विचारलं, "खाली कोण हाय?" धाकट्या शेठनी हात वर केला. "नीचे कौन है?" चाचांनी केला. "किंद एवरु?" टर्नरनं केला. मग मी कानडीत विचारलं, ते विचारायचे तसंच, आवाज खाली आणून.

उत्तर मला पाठ आहे. पण ते मिस्त्रींचं होतं, मी देत नाही. धाकटे शेठ हँडल धरून उभे राहतात, गिऱ्हाईक चुळबुळ करतं, आणि आम्ही सगळे तंबाखू मळून व्हायला लागेल तेवढा वेळ तसेच थांबतो.